ठवकर आणि गप्प जखम

माझी नात अन्वी जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या कोचिंग क्लासला जाते. तिला डॉक्टर व्हायचं आहे. निदान तिच्या आईला तिला डॉक्टर झालेली पाहायचं आहे. गेल्या आठवड्यात ती जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन माझ्या खुर्चीशी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, ये बताओ, जंतू आत आला हे पेशीला कळतं कसं? तिला काय डोळे असतात?"

मी म्हटलं, "दारूगोळ्याच्या फॅक्टरीचं गेट डोळ्यासमोर आण. तिथल्या दरबानाला हजारो कामगारांचे चेहरे पाठ नसतात. त्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक असते, की आत जाणाऱ्याकडे माचिस असता कामा नये. म्हणून तो चेहरा पाहत बसत नाही, खिसे चाचपतो. पेशी तेच करते. जंतूच्या अंगावर असं काही असतं जे आपल्या शरीरात कुठेच नसतं. ते तिच्या हाताला लागलं की तिने शिट्टी फुंकलीच. मग आसपासच्या रक्तवाहिन्या सैल होतात, कुमक धावून येते, आणि ती जागा लाल होते, सुजते, तापते, दुखते."

पोरगी खूश झाली. "सॉलिड, आजोबा! आमच्या सरांना असं नाही सांगता येत. तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

"कॉलेजमध्ये," मी म्हणालो.

साफ खोटं. कॉलेजमध्ये आम्हाला फक्त लक्षणांची यादी पाठ करायला लावली होती, आणि पेशीच्या अंगावरचे ते चाचपणारे हात तर विज्ञानाला पुष्कळ नंतर सापडले. हे मला शिकवलं ठवकर ड्रेसरने. पन्नास वर्षांहून जास्त झाली, माणूस जाऊनही जमाना झाला, आणि अजूनही त्यांचं नाव सांगायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून हे लिहायला बसलो.

ठवकर आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचे. मी जबलपूरच्याच कॉलेजातून डॉक्टर होऊन तिथे नोकरीला लागलो तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. उंच, काटक, कानांवर केसांचे पांढरे झुपके. पांढऱ्या कोटाचा खिसा जांभळ्या औषधाने कायमचा रंगलेला. जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यातून सायकलवर यायचे, आणि सायकलच्या सीटवर बायकोने शिवलेली खोळ. दवाखान्यात शिरले की आधी चहा, तोही बशीतून, आणि चहा संपेपर्यंत साक्षात जनरल मॅनेजर आला तरी उठायचे नाहीत. घोट संपला की कोपरापर्यंत हात धुवायचे, पुसायचे, आणि मग त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

जखम पाहायची त्यांची रीत वेगळीच होती. पट्टी सोडली की उजव्या हाताची मागची बाजू जखमेवर दोन बोटं अंतरावर धरायचे, लावायचे नाहीत. मग तोच हात रोग्याच्या दुसऱ्या, चांगल्या पायावर टेकवायचे. मग पुन्हा दुखऱ्या पायावर. "तळवा खोटं बोलतो साहेब," ते मला म्हणाले होते, "तळव्याने आयुष्यभर काम केलं. मागची बाजू कोरी आहे." थर्मामीटर लावून मी त्यांची परीक्षा घेतली आहे, एकदा नाही, दहादा. ते चुकायचे नाहीत. आणि हे सगळं चालू असताना जखमेशी गप्पा. रोगी कुठलाही असो, बिहारचा, बुंदेलखंडचा, ठवकर जखमेशी मराठीतच बोलायचे. "काय म्हणून राहिली बाई? आज लई बोंबलून राहिली. बोंबल, बोंबल."

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला अडवलं. एका कामगाराची पोटरी लोखंडाचा तुकडा लागून टरारून सुजली होती. मी ऐटीत म्हटलं, "ठवकरजी, आधी ही सूज उतरवा."

"काहून उतरवता साहेब?" ते म्हणाले. "सूज तर आपल्या पार्टीची आहे. आत चोर शिरला हे तिनेच सांगितलं. चोराला धरा, सूज आपल्या पायाने घरी जाते."

मला राग आला. डॉक्टर मी की हे? संध्याकाळी गेटमधून बाहेर पडताना त्यांनी मला थांबवलं आणि आत येणाऱ्या पाळीची झडती दाखवली. आमचा दवाखाना आतल्या गेटच्याही आत होता. तिथे सुपरिंटेंडंटपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची झडती व्हायची. विडी, माचिस बाहेरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. ठवकर म्हणाले, "पाहा साहेब. चेहरा कोणाचाच नाही पाहत. खिसा पाहतो. आपल्या रक्तातला दरबान असाच असतो." मी हसलो. घरी जाऊन आईला सांगितलं, आमच्या दवाखान्यात एक अंगठाछाप तत्त्वज्ञ आहे. ते अंगठाछाप मुळीच नव्हते. मॅट्रिक होते, आणि रजिस्टरमधलं त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं.

दवाखान्यात एक जुना मायक्रोस्कोप होता. त्याखाली ते पू बघत बसायचे. "हे आपलेच लोक आहेत," एकदा मला जागा करून देत म्हणाले. "कुमकेला आलेले. लढता लढता गेले." पुवाचा कापूस ते बादलीत कधी भिरकावायचे नाहीत. चिमट्याने धरून, मागच्या अंगणातल्या ड्रमपर्यंत स्वतः नेऊन जाळायचे. एरवी तोंडात सतत काहीतरी गुणगुणणं असायचं; तेवढ्या वीस पावलांत ते थांबायचं. त्या वेळी मला या सगळ्याची गंमत वाटायची.

गंमत वाटायची थांबली ती रामसेवकमुळे. हा सतनाकडचा कामगार, पायाच्या अंगठ्याला एवढंसं खरचटलेलं. मी पाहिलं: ना लाली, ना सूज. लाल दवा लावून पाठवून द्या म्हटलं. ठवकरांनी हात धरला, इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. गुणगुणणं बंद.

"कितने दिन हुए भैया?"

"बारा-पंद्रह दिन, बाबूजी। कुछ नहीं है, दर्द भी नहीं होता।"

ठवकर माझ्याकडे वळले. "साहेब, पंधरा दिवस झाले आणि ही बाई हूं का चूं करून नाही राहिली. बोंबलणाऱ्या जखमेला मी कधी नाही भीत. गप्प जखमेला भ्या. दरबान एक तर झोपला, नाही तर मेला." त्यांनी लघवी तपासली. साखर धो-धो होती. रामसेवकचा पाय वाचला तो ठवकरांमुळे, आणि दवाखान्याचे मुख्य असलेल्या बड्या डॉक्टरसाहेबांनी शाबासकी दिली मला. मी ती घेतली. तीही लहानशी चोरीच, पण तेव्हा तसं वाटलं नाही.

मग एकाहत्तर साल आलं. लढाईला तोंड फुटायच्या कितीतरी आधीपासून फॅक्टरीत लढाई सुरू झाली होती. ओव्हरटाइम, दुप्पट पाळ्या, ट्रकांच्या रांगा. वरून हुकूम आला की लाली, सूज, ताप, या तिन्हींतलं एकही लक्षण नसेल तर कुणालाही सुट्टी द्यायची नाही. तसा ठसाच करून दिला होता: तीन रकाने, आणि खाली "कामास योग्य". दवाखान्यात रोज चाळीस-पन्नास माणसं. डॉक्टर मी एकटा. बडे साहेब आठवड्यातून दोनदा यायचे. खरा गाडा ओढायचे ठवकर.

आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात त्यांच्या हातांची बोटं धरली. संधिवात. सकाळी बोटांचे सांधे लिंबाएवढे व्हायचे. घरून निघण्याआधी अर्धा तास कोमट पाण्यात हात बुडवून बसायचे. कोटाची बटणं बायको लावून द्यायची. मी विचारलं तर म्हणाले, "दरबान पिसाळला साहेब. घरच्याच माणसाला चोर समजून धरून राहिला." त्यांना महिनाभर सुट्टी द्यायला हवी होती. पण ठवकर गेले तर दवाखाना कोण चालवणार? म्हणजे माझं काय होणार?

माझ्या टेबलाच्या खणात औषध कंपनीच्या माणसाने दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. बड्या साहेबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की या गोळ्या ज्याला द्याल त्याचं नाव मला कळवा, आणि त्याला पुवाच्या जखमांजवळ फिरकू देऊ नका. या गोळ्या सूज मारतात, पण सूज आणणाऱ्या दरबानालाही बांधून ठेवतात. मला हे पाठ होतं. नाव कळवलं असतं तर ठवकरांना मलमपट्टीच्या टेबलावरून उठवलं असतं. म्हणून मी नाव कळवलं नाही, रजिस्टरात लिहिलं नाही, आणि गोळ्यांची बाटली सरळ त्यांच्या हातात दिली. त्यांना सांगितलं, "सांध्यांचं औषध आहे. नियमाने घ्या."

चौथ्या दिवशी ते कोटाची बटणं स्वतः लावून आले. माझ्यासमोर बोटं उघडून-मिटून दाखवली, लहान मुलासारखी. "काय दिलं साहेब? दरबान एकदम गपगार झोपला."

"झोपू दे की."

"चोर येईपर्यंत ठीक आहे," ते म्हणाले आणि हसले. मीही हसलो. त्यांना त्या गोळ्यांचं नाव ठाऊक नव्हतं. मला होतं.

लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात एका कामगाराच्या काखेतलं गळू फोडताना कात्रीचं टोक त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात गेलं. धुतलं, स्पिरिट लावलं, काम चालू. तिसऱ्या दिवशी दुपारी रांग ऐन भरात असताना ते माझ्या टेबलाशी आले. रोग्यासारखे, स्टुलावर बसले. यापूर्वी ते त्या स्टुलावर कधी बसले नव्हते.

"साहेब, हे बोट पाहा जरा. आतून ठणकून राहिलं. सकाळपासून दोनदा थंडी वाजली."

मी पाहिलं. बोट चांगलं दिसत होतं. थोडं फिकट. लाली नाही, सूज नाही. थर्मामीटर लावला, ताप नाही.

"काहीच नाही, ठवकरजी."

"तेच म्हणून राहिलो ना मी," त्यांचा आवाज खाली आला. "काहीच नाही. तीन दिवस झाले, कात्री पुवाची होती, आणि ही बाई तोंड उघडून नाही राहिली. मी हात लावून पाहिला. डावा उजव्याला, उजवा डाव्याला. मला काहीच कळून नाही राहिलं, साहेब. मला भीती वाटून राहिली."

त्या क्षणी मला सगळं समजायला हवं होतं. मी खोटं कशाला बोलू, समजलंही होतं. कुठेतरी आत ती बाटली आठवली होती. पण समजलं असं मान्य केलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. दारात चाळीस माणसं उभी होती, सुपरिंटेंडंटचा दोनदा फोन येऊन गेला होता. मी म्हणालो, "वहम आहे तुमचा. थकलात. चला, रजिस्टर लिहा."

आणि त्यांनी लिहिलं. स्वतःच्याच नावापुढे, स्वतःच्याच उजव्या हाताने, त्या छापील अक्षरात. लाली नाही. सूज नाही. ताप नाही. कामास योग्य. मी सही केली. ते उठले आणि कोपरापर्यंत हात धुवायला गेले.

रामसेवकच्या पायात जे त्यांनी ओळखलं, तेच ते आता स्वतःच्या बोटात ओळखून मला सांगत होते. पण डॉक्टरसाहेब नाही म्हणतात म्हटल्यावर ते गप्प बसले. सगळ्या फॅक्टरीत हुकूम पाळायची सवय होती, आणि त्या दिवसांत तर जास्तच.

दोन दिवसांनी ते पट्टी बांधता बांधता खाली कोसळले. मोठ्या इस्पितळात नेलं. सर्जनने बोट उघडलं तेव्हा विष आतल्या आत तळव्यातून मनगटापर्यंत पोचलेलं होतं. जीव वाचवायला हात मनगटाच्या वर कापावा लागला.

मी तिसऱ्या दिवशी गेलो. आधी जायची हिंमत झाली नाही. ठवकरकाकू खाटेशी बसल्या होत्या, मला पाहून उठल्या आणि म्हणाल्या, "या डॉक्टरसाहेब, तुमच्याच नावाचा जप करून राहिले." ठवकरांनी काकूंना पाणी आणायला पाठवलं.

"सर्जनने विचारलं, काही गोळ्या चालू होत्या का," ते हळू म्हणाले. "मी सांगितलं, होत्या. लपवलं नाही, नाही तर त्याने इलाज कसा केला असता? बाटलीपण दाखवली. त्याने नाव वाचून सांगितलं, काय आहे ते." त्यांनी डाव्या हाताने पांघरूण कापलेल्या हातावर ओढलं. "मी म्हटलं, बाजारातून आणल्या. आपल्या मनाने खाल्ल्या."

"ठवकरजी..."

"बोलू नका. लढाई चालू आहे. डॉक्टर तुम्ही एकटे. तुम्हाला काढलं तर उद्या त्या चाळीस लोकांना कोण पाहणार? ड्रेसर मिळतो, साहेब. लढाई संपली की पाहू काय ते."

लढाई थोड्याच दिवसांत संपली. फॅक्टरीत खोव्याची जिलेबी वाटली, गेटवर ढोल वाजले. मी मनाशी म्हटलं, उद्या बड्या साहेबांना भेटतो. दुसऱ्या दिवशी बड्या साहेबांनीच बोलावलं. टेबलावर ठवकरांची फाइल होती. "इतका जाणता माणूस, आणि असला मूर्खपणा! स्वतःच्या मनाने स्टेरॉइड खाऊन पुवाच्या जखमा हाताळतो! तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" दार बंद होतं, खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून सोपी जागा मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. मी म्हणालो, "नाही आलं, सर." त्यांनी फाइलवर लिहिलं: स्वतःचा निष्काळजीपणा. दवाखान्याच्या कामास अपात्र. पंचवीस वर्षं ज्या माणसाने एक कापसाचा बोळा इकडचा तिकडे पडू दिला नाही, त्याच्या नावापुढे हे शब्द लिहिले गेले, आणि शाई वाळेपर्यंत मी तिथे उभा होतो.

एका हाताच्या माणसाला हलकं काम द्यायचं म्हणून त्यांना आतल्या गेटवर ठेवलं. झडतीला. त्या योगायोगावर हसणारे हसले, मला हसू आलं नाही. पुढची सहा वर्षं रोज सकाळी मी त्यांच्यासमोर हात वर करून उभा राहायचो, आणि ठवकर डाव्या हाताने माझे खिसे चाचपायचे. "नमस्कार साहेब. रामसेवकचा पाय कसा आहे? नवा ड्रेसर हात धुतो ना?" रोज चौकशी. तक्रार नाही, टोमणा नाही. एकदा मी विचारलं, डाव्या हाताला कळतं का हो? म्हणाले, "शिकून राहिला. म्हातारा विद्यार्थी आहे, उशीर लागतो."

लढाई संपली की पाहू, असं ते म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. वाट पाहत असतील का? मला वाटतं, पाहत होते. हात तर परत येणार नव्हता, पण फाइलवरचे ते शब्द खोडता आले असते. ते मी एकटाच खोडवून घेऊ शकत होतो. दर सकाळी मी ठरवायचो, आणि दर सकाळी दवाखान्यात जाऊन रजिस्टर उघडायचो.

त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस ऐन थंडीत आला. पहिल्या पाळीची वेळ, नर्मदेकडून आलेलं धुकं एवढं दाट की गेटचा दिवासुद्धा अंधुक दिसत होता. कुणीतरी त्यांच्या गळ्यात सकाळीच झेंडूचा हार घातला होता आणि तो झडती घेताना आडवा येत होता. मी समोर उभा राहिलो, हात वर केले. त्यांनी पँटचे खिसे पाहिले, कोटाचे पाहिले. मग, कधी नव्हे ते, डावा हात उलटा केला आणि त्याची मागची बाजू माझ्या शर्टाच्या खिशावर, छातीवर ठेवली. ठेवून राहिले. मागे रांग थांबली होती.

"इथे गरम लागून राहिलं, साहेब," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाहत होते. "काही आहे का?"

"ऊन आहे, ठवकरजी," मी म्हणालो.

त्यांनी वर धुक्याकडे पाहिलं. मग हात काढून घेतला.

"अच्छा," ते म्हणाले. "चलो." आणि हार बाजूला सारून माझ्या मागच्या माणसाचे खिसे चाचपू लागले.